आमना रगतमा खोट शे का?

बोटाच्या टोकाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात सोडतात आणि पाच मिनिटं थांबतात. मग नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या की मूल वर्गात परत जातं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की त्या मुलाचं नाव वहीच्या वेगळ्या पानावर चढतं. सातपुड्यातल्या धडगावच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेच्या व्हरांड्यात हे काम, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, चालू होतं. लॅब टेक्निशियन नळी उजेडाकडे धरायचा, मुलं त्याच्या खांद्यावरून वाकून बघायची आणि रेघा दिसल्या की त्याच्याआधी तीच ओरडून सांगायची. सातवीतल्या एका मुलीची नळी गढूळ झाली. तिने ती हातात मागून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "यात माझं काय दिसतं?"

मी शहाद्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आरोग्य पथकासोबत मुलांशी दोन शब्द बोलायला म्हणून गेले होते. त्या मुलीच्या प्रश्नाला "सिकल निघालं" एवढं उत्तर पुरेसं नाही, हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. म्हणून हा लेख.

नळी फक्त एवढंच सांगते की रक्तात 'एस' जातीचं हिमोग्लोबिन आहे. ते एका पालकाकडून आलं की दोघांकडून, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी नमुना खाली पाठवावा लागतो, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनच्या जाती वेगळ्या करून दाखवणारी तपासणी करावी लागते. एकाकडून आलं असेल तर मूल वाहक. त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही, तो शेती करतो, पळतो, म्हातारा होतो. दोघांकडून आलं असेल तर मूल ग्रस्त. ही दोन माणसं एकाच नळीत सारखीच गढूळ दिसतात. रिपोर्ट वर पोचायला वेळ लागतो, आणि मधल्या दिवसांत वाहक मुलाची आईसुद्धा पोर हातचं जाणार या धसक्यात असते.

आमच्या सपाटीच्या खान्देशात, म्हणजे केळी-कापसाच्या पट्ट्यात, जीन हा विषय पहिल्यांदा घराघरात आला तो 2002 साली बीटी कापसाबरोबर. बियाण्याच्या पाकिटावरून. सातपुड्यात तो आला रक्तातून. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात जवळजवळ 70 टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची. या डोंगरात सिकलसेल नवा नाही, त्याचं नाव तेवढं नवं आहे. अंगदुखीने, काविळीने, 'रक्त आटल्याने' गेलेली पोरं प्रत्येक पाड्याला आठवतात.

शहाद्याजवळच्या एका गावातले एक वडील मुलीच्या प्रवेशासाठी कॉलेजात आले होते. मुलगी ग्रस्त, बारीक, डोळे पिवळसर, अकरावीला विज्ञान घ्यायचं म्हणून हटून बसलेली. अर्ज भरून झाला, पण ते जाईनात. शेवटी दारापाशी थांबून म्हणाले, "बाई, आमना रगतमा खोट शे का?" एका दवाखान्यात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या लोकांत हे असायचंच. ते वाक्य घेऊन तो माणूस कितीतरी वर्षं फिरत होता. मी म्हटलं, "नही भाऊ, खोट नही." आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा विस्ताराने सांगते.

जीन म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्याच्या आधाराने पेशी एखादं प्रथिन बांधते. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. त्यांच्यावर मिळून प्रथिनं बांधणारे सुमारे 20,000 जीन आहेत. डीएनए चारच घटकांचा बनतो: ए, टी, जी आणि सी. त्यांतले तीन-तीन घटक मिळून प्रथिनात पुढचं अमिनो आम्ल कोणतं जोडायचं ते ठरतं. एका पालकाकडून मिळणारा संच मोजला तर हे घटक सुमारे 300 कोटी भरतात.

अकराव्या गुणसूत्रावर एचबीबी नावाचा जीन आहे. हिमोग्लोबिनचा बीटा नावाचा भाग त्याच्यावरून बांधला जातो. सिकलसेलमध्ये या जीनमध्ये एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' आलेला असतो. जीएजीचं जीटीजी होतं. त्यामुळे प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. 300 कोटींतला एक घटक बदललेला. बाकी माणूस तुमच्याआमच्यासारखाच.

पण त्या एका जागेची करामत भयंकर आहे. व्हॅलिनला पाण्याचं वावडं असतं. हिमोग्लोबिनने शरीरात प्राणवायू सोडला की त्या चिकट जागा एकमेकींना धरतात आणि लांब ताठ दोरे बनतात. गोल मऊ लाल पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, मागचं रक्त थांबतं, पुढच्या हाडाला, स्नायूला, फुप्फुसाला प्राणवायू मिळत नाही. चांगली लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्त सतत कमी, डोळे सतत पिवळे. पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, लहानपणीच इतका ताण येतो की तिचं जंतूंशी लढायचं काम बंद पडतं आणि साधा न्यूमोनिया जिवावर बेततो.

दुखणं काय असतं, ते मी त्या वडिलांच्या मुलीकडून शिकले. जानेवारीत सकाळच्या तासाला ती यायची तेव्हा स्वेटरवर शाल असायची. एकदा प्रॅक्टिकल चालू असताना तिने सूक्ष्मदर्शकावरून हात काढले आणि दोन्ही मांड्या धरून स्टुलावर वाकली. रडली नाही. ओठ पांढरे पडले होते आणि ती एकसारखी पाणी मागत होती. तिच्या मैत्रिणींना सवय होती. एकीने बाटली दिली, दुसरीने पाय चोळायला घेतले, तिसरी रिक्षा बोलवायला पळाली. नंतर दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती म्हणाली, "मॅडम, हाड आतून कोणी पिळतं." शाळेत असताना पीटीच्या तासाला बसून राहते म्हणून तिने छड्या खाल्ल्या होत्या. बाहेरून काही दिसत नाही ना. सूज नाही, जखम नाही, ताप नाही. तिला दुखतं यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे समोरच्याच्या मनावर.

थंडी, तहान, दमणूक, ताप: दुखणं उठवणाऱ्या या चार गोष्टी. आता आपल्या भागातलं दिवाळीनंतरचं चित्र बघा. धडगाव, मोलगी, तळोद्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. फडात झोपडी, पहाटेच्या अंधारात थंडीत कोयता, दुपारी ऊन, पाणी लांब. होळीला माणसं गावी परततात तेव्हा त्यांतलं एखादं पोर पार खंगलेलं असतं. ग्रस्त मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, फार दमवू नका, असं आम्ही शिबिरात सांगतो. ते सांगणं बरोबरच आहे. पण ते ज्याला सांगतो त्याच्या हातात यातलं काय आहे, हे विचारल्याशिवाय सांगणं पुरं होत नाही.

या आजाराचा इतिहास वाचताना मला नेहमी वाईट वाटतं. 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तातल्या या वाकड्या पेशींची नोंद छापली. तो तरुण शिकून बेटावर परत गेला, त्याने दवाखाना थाटला आणि 1916 मध्ये वारला. 1949 साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूपर्यंत माग लागलेला जगातला हा पहिला आजार. 1956 मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय त्याचा छडा लावला. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांमध्ये हा आजार असल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे माणसाच्या आजाराचं मूळ जीनमध्ये कसं असतं, हे वैद्यकशास्त्र ज्या रक्तावरून शिकलं ते या लोकांचं. आणि औषध शोधायची वेळ आली तेव्हा हेच लोक सगळ्यात शेवटी. श्रीमंत देशांत, श्रीमंत घरांत होणारा आजार असता तर इतकी दशकं गेली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की ज्यांच्याकडे या बदललेल्या जीनची एकच प्रत असते, त्यांना मलेरिया सहसा जिवावर येईल इतका होत नाही. परजीवी पेशीत शिरला तरी तिथे त्याचं नीट भागत नाही. डोंगर-जंगलात जिथे हजारो वर्षं हिवतापाने पोरं मेली, तिथे वाहक पोरं जगली, वाढली, त्यांना मुलं झाली. म्हणून हा जीन आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, विदर्भात आहे, सातपुड्यात आहे. जिथे मलेरियाचं थैमान, तिथे तो टिकला. आदिवासी असण्याशी त्याचं नातं नाही, डास असलेल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहण्याशी आहे. मी त्यांना सांगितलं, तुमच्या आजा-पणज्यांपैकी कितीतरी जण याच्यामुळे हिवतापातून वाचले असतील. त्याची किंमत ज्यांना दोन प्रती मिळाल्या त्या पोरांनी मोजली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मंग आमनी पोरले गोया कोनत्या?"

रास्त प्रश्न. कारणं कळून पोरीची हाडं दुखायची थांबत नाहीत.

एकाच घरातली दोन ग्रस्त भावंडं घ्या. जीनमधला बदल तोच. तरी एकाला महिन्याआड दवाखाना लागतो, दुसऱ्याला वर्षातून एखाद्या वेळी. असं का, या प्रश्नातूनच आजचे उपचार निघाले. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं. ते 'गामा' नावाच्या भागाचं बनतं आणि त्यात ती चिकट जागा नसते. जन्मानंतर सहाएक महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ बंद करतं आणि तेव्हाच ग्रस्त बाळाचे हातपाय सुजायला लागतात. 1948 मध्येच जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमध्ये नवजात बाळांच्या रक्तावरून ही गोष्ट हेरली होती. काही माणसांत हे बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडंफार चालू राहतं. भारतात आणि सौदी अरबस्तानच्या पूर्व भागात सिकलच्या जीनची जी उपजात सापडते तिच्यात ते बऱ्याचदा जास्त असतं. त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो, काहींचा तरीही तीव्र होतो. आपल्याकडे सौम्यच असतो, असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी माझ्या वर्गातलं ते स्टूल बघावं.

मग गामा बंद कोण करतं? 2008 च्या सुमारास उत्तर मिळालं: दुसऱ्या गुणसूत्रावरचा बीसीएल11ए नावाचा जीन. हजारो माणसांचे डीएनए शेजारी-शेजारी ठेवून, कोणाचं बाळ-हिमोग्लोबिन जास्त आणि त्यांच्यात समान काय, हे शोधताना तो हाती लागला. त्याला आवर घातला तर गामा पुन्हा सुरू होईल, हे कळलं. आणि नेमक्या जागी डीएनए कापायची हत्यारं तोवर तयार होत होती. जंतू विषाणूंपासून स्वतःला वाचवण्यासाठी जी यंत्रणा वापरतात, तिच्यातून इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये क्रिस्पर हे तंत्र उभं केलं. 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

क्रिस्परवर आधारलेला जगातला पहिला मान्यता मिळालेला उपचार सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठीच आला, याचं मला फार समाधान आहे. त्याचं नाव कॅसजेव्ही. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलसाठी त्याला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांच्यातला बीसीएल11एचा असा भाग कापतात की लाल पेशी बनताना तो जीन थंडावतो. मग जोरकस केमोथेरपी देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. सिकलचा जीन जागेवरच राहतो. त्याला वळसा घालून गामा सुरू होतं. चाचणीत ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं त्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग किमान वर्षभर तीव्र दुखण्याचा झटका आला नाही. ज्यांनी असा झटका जवळून बघितलाय, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने 18 कोटी रुपयांच्या वर.

आपल्या देशातही काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने क्रिस्परचं वेगळं, जास्त नेमकं कापणारं प्रथिन विकसित केलं. त्यावर बेतलेला सिकलसेलचा उपचार नोव्हेंबर 2025 मध्ये 'बिरसा 101' या नावाने जाहीर झाला आणि तो स्वस्तात बनवण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी झाली. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांवर केलेला जीन उपचार 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कामातून रक्ताच्या कर्करोगावरचा भारतीय कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींचे जीन बदलून त्या परत देण्याचा उपचार, मान्य झाला. म्हणजे अमेरिकेने करायचं आणि आपण किंमत ऐकून परत फिरायचं, एवढंच आपल्या नशिबी आहे असं नाही.

तरी त्या वडिलांना मी यातलं काहीच पहिल्यांदा सांगितलं नाही. मी सांगितली हायड्रॉक्सीयुरिया. रोज घ्यायची कॅप्सूल. अमेरिकेत सिकलसेलसाठी 1998 मध्ये मान्य झालेली, आपल्याकडे थोडक्या पैशांत मिळणारी. तीसुद्धा बाळ-हिमोग्लोबिनच वाढवते, फक्त औषधाच्या वाटेने. दुखण्याचे झटके कमी करते, रक्त चढवायची वेळ कमी आणते. मात्र ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासून घ्यावं लागतं. गोळ्या संपल्या, पुढचा साठा आला नाही, घरातली माणसं ऊसतोडीला गेली, की औषध सुटतं आणि झटका येतो. जगातलं उत्तम संशोधन एका बाजूला आणि सरकारी दवाखान्याच्या कपाटातली रिकामी फळी दुसऱ्या बाजूला. माझ्या लेखी सातपुड्यात आज त्या फळीचा प्रश्न मोठा आहे. लहान बाळांना पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, जन्मल्याबरोबर टाचेच्या थेंबाची तपासणी: एवढ्याने कितीतरी जीव वाचतात, आणि यातलं काहीही शिकागोहून आणायला नको.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 17 राज्यांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं उच्चाटन, हे तिचं उद्दिष्ट. आशाताई पाड्यापाड्यावर चढून जातात, नमुने घेतात, तपासणीच्या निकालाची कार्डं वाटतात. हे काम मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या बायकांबद्दल मला अतोनात आदर आहे. 2016 च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात धरला गेला, ग्रस्तांना एसटीत मोफत प्रवास मिळतो, हेही मोलाचं. दर खेपेचं भाडं वाचलं तरी माणूस औषधाला येतो.

पण कार्डाबद्दल बोलायलाच हवं. लग्न ठरवताना दोघांची कार्डं बघा, वाहक-वाहक लग्न टाळा, असा सल्ला दिला जातो. हिशेब खरा आहे. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 आणि दोन्हीही नसण्याची 25 टक्के. प्रत्येक गरोदरपणात हा हिशेब नव्याने सुरू होतो. एक पोर ग्रस्त झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. ही समजूत इतकी खोल बसलेली आहे की मी ती खोडायला दरवर्षी एक अख्खा तास देते. आणि वाहकाचं लग्न ज्याच्या रक्तात एस नाही, थॅलेसेमिया किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा दोषही नाही अशाशी झालं तर मूल सिकलग्रस्त होत नाही, हेही तितकंच ठासून सांगावं लागतं. वाहक-वाहक जोडप्याला मूल हवं असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारेचा नमुना तपासून बाळाची स्थिती कळू शकते. निर्णय त्या दोघांचा.

प्रत्यक्षात काय होतं? एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर 'सिकल निघालेल्या' मुलांची नावं वाचून दाखवली गेली. त्यांतली बहुतेक वाहक होती, धडधाकट होती. सुटीत घरी गेलेल्या दोन मुली परत आल्याच नाहीत. मुलाचं कार्ड ट्रंकेत राहतं, मुलीचं मात्र सोयरिकीआधीच गावभर होतं. ग्रस्त बाळ झालं की बोल आईला, जरी एक प्रत बापाकडून आल्याशिवाय बाळ ग्रस्त होऊच शकत नाही. जीनमध्ये आई आणि बाप यांचा वाटा सारखा असतो, हे विज्ञानाने कधीच निकालात काढलंय. घराघरात ते निकालात निघायचंय. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, तपासणी जरूर करा, रिपोर्ट नीट वाचा, पण कोणाचा रिपोर्ट कोणाला सांगायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

सिकलच्या पलीकडेही हे आपल्या भागाला लागू आहे. मलेरियाच्या पट्ट्यात जी6पीडी या विकराची कमतरता असलेली माणसं असतात. तो जीन एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत हे जास्त दिसतं. एरवी त्यांना काही जाणवत नाही, पण मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं तर त्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. एकाला तारणारं औषध दुसऱ्याला मारक ठरतं, हे आधी कळावं म्हणून माणसांचे जीन तपासायचे. जीनोम इंडिया प्रकल्पात 83 लोकसमूहांतल्या सुमारे 10,000 भारतीयांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. तोवर जगातली बरीच औषधं युरोपीय रक्त डोळ्यांसमोर ठेवून तोलली जात होती.

म्हणूनच मला रक्त देणाऱ्यांची काळजी वाटते. 'बिरसा' हे नाव उपचाराला दिलं, ते योग्यच. उद्या त्याच्या चाचण्या सुरू होतील, तेव्हा धडगाव, मोलगी, तोरणमाळची मुलं त्या यादीत असावीत, असं मला मनापासून वाटतं. पण त्यांना आधी सगळं सांगितलेलं असावं. पावरीत, देहवालीत, अहिराणीत, घाई न करता, आईबापांना समोर बसवून. आमची ती मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॅप्सूल नियमित घेते, झटके खूप कमी झालेत. बिरसा 101 ची बातमी वाचून तिने मला फोन केला. तिने पैशाचं विचारलं नाही, किती दिवस दवाखान्यात राहावं लागेल हेही विचारलं नाही. तिने विचारलं, "मॅडम, आधी जी केमो देतात, तिच्यानंतर मला पोरं होतील का?" मूळपेशी परत सोडण्याआधी कॅसजेव्हीत बुसल्फान हे औषध देतात. त्यामुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. बीजांडं आधी काढून गोठवून ठेवता येतात, पण ती सोय महाग आहे, मोठ्या शहरात आहे, आणि तिच्याबद्दल कोणीतरी वेळेवर सांगावं लागतं. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, आधी हे लिहा. पेशी कशा कापणार ते दुसऱ्या पानावर लिहिलं तरी चालेल.